दीड जीबीची स्मरणिका: पानांची फाइल जड का होते आणि हलकी कशी करायची

टीचर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आल्या तेव्हा बाहेर पाऊस मी म्हणत होता. छत्री दारात ठेवली, पदराने पेनड्राइव्ह पुसला आणि म्हणाल्या, "अरे बघ रे जरा, हे उघडतच नाही. उघडलं तर सेव्ह होत नाही. गणेश चवथीच्या आधी प्रेसमध्ये द्यायचंय."

चौथीला मला शिकवायच्या त्या. आमच्या फोंडा तालुक्यातल्या त्या मराठी शाळेला साठ वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थी हीरक महोत्सवाची स्मरणिका काढत होते. गोवा १९६१ला मुक्त झाल्यावर गावागावात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यामुळे गेल्या काही वर्षांत अशी स्मरणिका बऱ्याच गावांत निघाली आणि त्यातल्या काहींची कामं माझ्याकडेही आली. ९२ पानं, सगळी कोरलड्रॉ या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये केलेली, दोनशेच्या वर फोटो, आणि फाइल १.४ जीबी. माझ्या कॉम्प्युटरवर उघडायलाच अकरा मिनिटं गेली, तोवर चहा झाला, शाळेच्या जुन्या हेडमास्तरांच्या आठवणी झाल्या, आणि मग एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला परत तेवढाच वेळ.

ज्या मुलाने मनापासून बसून हे लेआउट केलं होतं त्याने पानं सुंदर लावली होती, काहीच वाईट नव्हतं, फक्त फोटो आत कसे घालायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे खरंतर कुणीच कुणाला सांगत नाही. नाट्यमंडळाची स्मरणिका असू दे, शिगम्याचं पत्रक असू दे, दिवाळी अंक असू दे, दर वेळी शेवटच्या आठवड्यात हेच रडगाणं. म्हणून एकदा नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. मजकुराने फाइल जड होत नाही. ९२ पानांचा सगळा मराठी मजकूर धरला तरी तो एका मोबाइल फोटोपेक्षा हलका निघेल. जड होतात ते फोटो, आणि तेही त्यांच्या छापील साइझमुळे नाही तर त्यांच्यात किती पिक्सेल भरलेत त्यामुळे.

पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. आपल्या नेहमीच्या रंगीत फोटोत, म्हणजे आरजीबीत, एका ठिपक्याला ३ बाइट लागतात (लाल, हिरवा, निळा), छपाईच्या चार शायांच्या सीएमवायकेत ४ बाइट लागतात, आणि काळ्यापांढऱ्या ग्रेस्केलमध्ये फक्त १. आता ए४ कागदभर फोटो ३०० डीपीआयने (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके) घेतला तर तो २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके, म्हणजे आरजीबीत सुमारे २६ एमबी. तुम्ही म्हणाल जेपेग तर ३-४ एमबीचीच असते की. असते, पण ती घडी घालून ठेवलेली असते, पान स्क्रीनवर उघडलं की घडी मोडावी लागते आणि मेमरीत ते अख्खे २६ एमबी पसरतात. फोल्डरमध्ये फोटो हलके दिसतात आणि तरी मशीन मान टाकतं, त्याचं एक कारण हेच.

आणि दुसरं म्हणजे डीपीआय दुप्पट केला की वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण ठिपके आडवेही दुप्पट वाढतात आणि उभेही. ३००चा ६०० केला की २६चे १०४ एमबी. १२०० केला की ४१८. स्कॅनरवर बसलेला माणूस "जरा जास्त क्वालिटी ठेवूया" म्हणून एक आकडा वर सरकवतो आणि पुढे सगळ्यांचा जीव जातो.

टीचरांच्या फाइलमधलं एक पान जवळून दाखवतो, कारण सगळा घोळ त्या एका पानात दिसतो. पान ५, महोत्सव समितीचं. नऊ सदस्यांचे नऊ पासपोर्ट फोटो, प्रत्येक छापून होणार ३ सेंटीमीटर रुंद, ४ उंच, खाली नाव. दिसायला एकदम साधं पान. पण तेच उघडायला सगळ्यात जास्त वेळ घेत होतं.

झालं होतं असं की नऊ फोटो एकाच वेळी स्कॅनरच्या काचेवर ओळीने मांडले, अख्खी ए४ काच ६०० डीपीआयने एकदाच स्कॅन केली, आणि मग तोच अख्खा स्कॅन नऊ वेळा इम्पोर्ट करून नऊ चौकोनांत पॉवरक्लिपने (आकारात फोटो बसवायची कोरलमधली सोय) टाकला, प्रत्येक चौकोनात सरकवून एकेकाचा चेहरा बरोबर मधे आणला. डोळ्यांना प्रत्येक चौकोनात एकच चेहरा दिसतो. पण पॉवरक्लिप कापत नाही, फक्त झाकते. म्हणजे खजिनदारांच्या त्या इवल्या चौकोनामागे उरलेले आठ सदस्य आणि काचेवरची सगळी मोकळी जागासुद्धा लपून बसली होती. १०४ एमबी गुणिले नऊ, म्हणजे त्या एका पानापायी ९०० एमबीच्या वर मेमरी. आणि गरज किती होती? ३ बाय ४ सेंटीमीटरला ३०० डीपीआयने साधारण ३५४ बाय ४७२ पिक्सेल लागतात, म्हणजे एका फोटोला अर्धा एमबी. दोनशे पट जास्त ओझं!

पॉवरक्लिपच नाही, इनडिझाइन या पानं लावायच्या दुसऱ्या प्रोग्रामची फ्रेम घ्या, वर्डमधला क्रॉप घ्या, सगळे झाकतात, कापत नाहीत. वर्डमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स म्हणून सोय आहे, तिथे क्रॉप केलेला भाग पुसून टाका अशी खूण असते, ती केली तरच तो खरा जातो. कोरलमध्ये फोटो पॉवरक्लिपमधून बाहेर काढायचा, क्रॉप टूलने खरोखर कापायचा, मग बिटमॅप मेनूतून रिसॅम्पल करून, म्हणजे ठिपक्यांची संख्या बदलून, छपाईच्या मापाला ३०० करायचा. फोटो सिलेक्ट केला की खाली स्टेटस बारमध्ये त्याचा डीपीआय दिसतो, तिथे १८०० वगैरे दिसलं की समजायचं चोर सापडला.

मोबाइलच्या फोटोंचंही तेच. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, ३०० डीपीआयने तो तेरा इंच रुंद छापता येईल. तो तुम्ही पानाच्या कोपऱ्यात दोन इंचाचा करून बसवला तर त्याचा डीपीआय होतो २०००. पानावर ओढून लहान केला म्हणून तो हलका होत नाही, तेवढेच ठिपके लहान जागेत दाटीवाटीने बसतात. इनडिझाइनमध्ये लिंक्स पॅनेलमध्ये अॅक्च्युअल पीपीआय आणि इफेक्टिव्ह पीपीआय (पीपीआय म्हणजे इंचातले पिक्सेल, इथे डीपीआयच समजा) असे दोन आकडे दिसतात, त्यातला इफेक्टिव्ह आपल्या कामाचा, कारण तो फोटो पानावर ज्या मापाने बसलाय त्या मापाचा आकडा सांगतो.

आता ३००च का? ऑफसेट छपाईत फोटो बारीक ठिपक्यांच्या ओळींनी उमटतो, त्या जाळीला स्क्रीन म्हणतात, आणि तिथे इंचाला साधारण १५० ते १७५ लाइनचा स्क्रीन वापरतात आणि फोटोचा डीपीआय त्याच्या दीडपट ते दुप्पट असला की भागतं, म्हणून ३०० हा आकडा रुळला. वर्तमानपत्राच्या कागदाला स्क्रीन जाडा, ८५-१००च्या आसपास, तिथे २०० पुरतो. जत्रेच्या मोठ्या फ्लेक्सला तर १०० सुद्धा पुष्कळ, कारण तो लोक लांबून बघतात. उलट नुसत्या रेघांचं चित्र, सही, शिक्का असलं काळंपांढरं काही असेल तर तिथे मात्र १२००पर्यंत जावं, नाहीतर कडा दातेरी येतात, आणि तसलं चित्र एका बिटचं (ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा) असल्यामुळे १२००लाही फाइल फार वाढत नाही.

आता मुख्य गोष्ट, एम्बेड आणि लिंक.

पाहुण्याचं नाव नि पत्ता वहीत लिहून ठेवणं वेगळं आणि पाहुण्याला सामानसुमानासकट घरात आणून बसवणं वेगळं, फरक एवढाच. लिंक केलं की पानाच्या फाइलमध्ये फक्त पत्ता राहतो, अमुक ड्राइव्हवर अमुक फोल्डरमध्ये अमुक नावाचा फोटो, आणि स्क्रीनवर दिसायला एक छोटी पुसट प्रत. एम्बेड केलं की फोटो अख्खा पानाच्या फाइलच्या पोटात जातो. दोनशे फोटो पोटात घातले की दर सेव्हला ते सगळं ओझं परत लिहावं लागतं, मधेच वीज गेली (पावसाळ्यात आमच्याकडे काय सांगायचं) की अर्धवट लिहिलेली फाइल खलास. सगळी अंडी एकाच टोपलीत. फाइल जड असण्यापेक्षा मला ही भीती जास्त वाटते, कारण सहा महिन्यांचं काम एका झटक्यात जातं.

हा प्रश्न नवा नाही. १९८५ला पेजमेकर आला, त्यात पुढे मोठं चित्र टाकायला गेलं की तो स्वतःच विचारायचा, चित्र एवढ्या केबीचं आहे, सगळी कॉपी आत ठेवू का? मूळ सेटिंग २५६ केबीचं होतं, त्याच्या वर गेलं की विचारणारच. आम्ही तेव्हा न वाचता येस दाबायचो. आजचे प्रोग्राम त्यांचे त्यांचे ठरवतात. इनडिझाइनमध्ये प्लेस कमांडने फोटो आणला की आपसूक लिंक होते, पण फोटोशॉपमधून कॉपी करून पेस्ट केलं तर तो आत गेला, लिंक पॅनेलमध्ये त्याचं नावही येत नाही. कोरलमध्ये उलट, साधं इम्पोर्ट म्हणजे एम्बेडच, लिंक हवी तर इम्पोर्टच्या खिडकीत इम्पोर्ट बटणाच्या शेजारच्या बाणावर जाऊन एक्स्टर्नली लिंक्ड इमेज निवडावं लागतं. ते बटण बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. वर्डमध्ये साधं इन्सर्ट केलं की सगळं पोटातच, डॉकएक्सची कॉपी करून तिच्या नावाचं शेपूट .docx चं .zip करा आणि उघडा, आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये तुमचे सगळे फोटो ओळीने बसलेले दिसतील, कुठला किती जड ते तिथेच कळतं.

माझं मत विचाराल तर चार पानांचं पत्रक, लग्नपत्रिका, कार्ड असल्या कामाला एम्बेड बरं, एकच फाइल उचलली की काम झालं. वीस पानांच्या पुढे लिंकच.

पण लिंकला शिस्त लागते. पेनड्राइव्हवरूनच फोटो प्लेस केला आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह काढला, किंवा ड्राइव्हचं अक्षर काल ई होतं ते आज एफ झालं, की पत्ता चुकला, लाल खूण आली, आणि ते न बघता पुढे पाठवलं तर प्रेसमध्ये फोटोच्या जागी तीच पुसट प्रत छापली जाते. म्हणून काम सुरू करायच्या आधी एक फोल्डर करायचा, त्यात पानांची फाइल, आणि शेजारी फोटोंचा एक फोल्डर. फोटो कुठूनही येऊ दे, मेलने, व्हॉट्सॲपने, कुणाच्या आल्बममधून, आधी तिथे उतरवायचा, नाव द्यायचं आणि मगच पानात घ्यायचा. नाव पण कामाचं द्या, पान ३२ चौथीचा वर्ग १९७४ असं. "फोटो नवीन फायनल २" हे नाव आठ दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही.

आधीच एम्बेड झालेलं असेल तर? इनडिझाइनमध्ये लिंक पॅनेलमधून अनएम्बेड करता येतं, तो विचारतो मूळ फाइलला जोडू की नवी फाइल काढून देऊ, मूळ हरवली असेल तर दुसरा पर्याय घ्या. आणि एक साधी गोष्ट, नुसतं सेव्ह सेव्ह करत गेलं की जुने बदल पोटात साचतात, काढून टाकलेल्या पानांचंही ओझं राहतं, आठवड्यातून एकदा सेव्ह ॲज करून नव्या नावाने ठेवली की फाइल बऱ्यापैकी उतरते आणि आपसूक एक जुनी कॉपीही मागे राहते. इनडिझाइनची फाइल विचित्र वागायला लागली तर आयडीएमएल या इनडिझाइनच्याच दुसऱ्या प्रकारात काढून परत उघडायची, कचरा जातो.

टीचरांच्या फाइलवर आम्ही दोन दिवस बसलो. मूळ काम कोरलचं, पानं लागलेली, वेळ थोडा, म्हणून सॉफ्टवेअर बदललं नाही, लिंकच्या भानगडीतही पडलो नाही, फक्त फोटो मापाला आणले. आतली पानं एकाच शाईत छापायची होती तरी फोटो रंगीतच होते, ते ग्रेस्केल केले, एवढ्यानेच त्यांचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर आलं. (शिवाय एका शाईच्या पानावर रंगीत फोटो राहिला तर प्रेसवाला चार प्लेट काढून बसतो, तो घोळ वेगळाच.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइल सव्वाशे एमबीच्या आसपास आली, मिनिटभरात उघडायला लागली. छपाईत एका फोटोतही फरक पडणार नव्हता.

एक उलटं दुखणंही त्यात होतं. काही माजी विद्यार्थ्यांनी, आखातातून, मुंबईहून, पोर्तुगालहून फोटो व्हॉट्सॲपने पाठवले होते. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बारीक करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची राहते, म्हणजे ३००ने पाच इंच आणि थोडं. लहान फोटोला ते चालतं, पानभर फोटोला नाही. आणि इथे रिसॅम्पल करून आकडा ३०० करून काही होत नाही, नसलेले ठिपके कॉम्प्युटर मनाने भरतो, चेहरा मेणाचा दिसतो. त्यांना परत निरोप पाठवला की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा पाठवला की जसाच्या तसा येतो. बऱ्याच जणांनी पाठवले.

प्रेसला पाठवतानाचं थोडक्यात सांगतो. लिंकवाली फाइल कधीही एकटी पाठवू नका, इनडिझाइनमध्ये पॅकेज म्हणून आहे, ते फाइल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करून देतं (आपल्या भारतीय भाषांचे फॉन्ट मात्र एकदा डोळ्यांनी मोजा). त्याहून बरं म्हणजे पीडीएफ. प्रेस क्वालिटी निवडलं तर ४५०च्या वरचे रंगीत फोटो तो आपसूक ३००वर आणतो, पण घाईत स्मॉलेस्ट फाइल साइझ निवडू नका, त्यात फोटो १००वर येतात आणि रंगही आरजीबी होतात, ती पीडीएफ मोबाइलवर वाचून बघायला ठीक, छापायला नाही. झिप केल्याने जेपेग फोटो हलके होत नाहीत, ते आधीच दाबलेले असतात. जीमेलला २५ एमबीची मर्यादा असते म्हणून मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून तिची लिंक द्यायची. पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल जात नसेल तर तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, एक्सफॅट या नव्या पद्धतीने केला की जाते, पण फॉरमॅट करायच्या आधी आतलं काढून ठेवा.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. हलकं करायचं ते कॉपीला. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

टीचरांच्या फाइलमध्ये पान ३२ वर एक फोटो होता, १९७४चा चौथीचा वर्ग, शाळेच्या व्हरांड्यात तीन ओळींत मुलं, पुढच्या ओळीतली जमिनीवर मांडी घालून, एकाच्या हातात पाटी. मूळ फोटो साडेतीन इंच रुंद, एका घरातल्या आल्बममधला. आमच्याकडे चार महिने पाऊस, कपाटं ओलसर, फोटोंना बुरशी धरते, आल्बमच्या प्लास्टिकला चिकटून ते सोलले जातात. हा पण एका कोपऱ्याला गेलाच होता. तो स्मरणिकेत सात इंच रुंद छापायचा होता. अशा वेळी हिशोब सोपा, छापायची रुंदी भागिले मूळ रुंदी गुणिले ३००. सात भागिले साडेतीन म्हणजे दोन, म्हणजे ६०० डीपीआय. छपाईपुरते ६०० बास. पण असला फोटो मी तरी १२००ला, रंगीत, टिफमध्ये (सेव्ह करताना न झिजणारा फोटोचा प्रकार) स्कॅन करून ठेवतो, काळापांढरा असला तरी रंगीतच, कारण पिवळे डाग आणि बुरशी पुढे काढताना रंगाची माहिती कामी येते. साडेतीन इंचाच्या फोटोला ती फाइल पन्नास एमबीच्या आतच राहते. ती मूळ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, तिची कॉपी काढून ग्रेस्केल, सात इंच, ३००, आणि ती कॉपी पानात. जेपेगवर परत परत सेव्ह करत बसू नका, दर वेळी थोडं थोडं झिजतं, दर वेळी मूळ टिफवरूनच नवी कॉपी काढा.

टीचर तो फोटो स्क्रीनवर मोठा करून बराच वेळ बघत होत्या. एकेक चेहऱ्यावर बोट ठेवून नाव घेत गेल्या, हा आता नाही, ही पेडण्याला दिली, हा कदंबाच्या बसवर ड्रायव्हर होता. मी दुसऱ्या खिडकीत ती नावं टाइप करत गेलो, २७ मुलांपैकी २४ नावं त्यांना आठवली, उरलेल्या तिघांसाठी त्यांनी तिथूनच दोन फोन केले. ती यादी फोटोच्याच नावाने त्याच्या शेजारी ठेवली, मूळच्या फोल्डरमध्ये.

पीडीएफ त्याच रात्री प्रेसला गेली. मूळ स्कॅनचा फोल्डर दोन हार्डडिस्कवर घातला, एक शाळेच्या हेडबाईंच्या कपाटात सिलिका जेलची पुडी घालून, एक टीचरांच्या भावाकडे वास्कोला.